दोन फुटी पाइपाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा पाइप आहे. आतून दोन फूट रुंद, अंगानं ठणठणीत. दिग्गीकडे जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्याच्या कडेला मी नऊ वर्षं पडून आहे. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पार करण्यासाठी माझा जन्म झाला. पण माझ्यातून आजवर घागरभर पाणी वाहिलेलं नाही. आता बोला!

कारखान्यात मला साच्यात गरगर फिरवून घडवलं आणि कित्येक दिवस पाण्यात मुरवलं. १९८६ साली लॉरीतून निघालो तेव्हा काय तो माझा तोरा! सोबत दोन भाऊ होते. तिघांना एकापुढे एक जोडून रस्त्याखाली बसवायचं ठरलं होतं.

रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाणारी इथली जुनी दगडी मोरी अर्धी ढासळली होती आणि बांबूच्या मुळ्यांनी तिचं तोंड बुजलं होतं. पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि वरच्या अंगाच्या रुक्माच्या शेतात शिरायचं. लावलेलं भात आठ-आठ दिवस बुडून कुजायचं. तेवढं एकच शेत तिचं, त्यावर घरातली पाच माणसं जेवायची. मला लॉरीतून उतरवलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आलास गा बाबा?" म्हणाली.

पण घोडं तिथंच अडलं. रस्ता जंगलाच्या हद्दीतला. वनखात्याचा गार्ड उमाजी काठी टेकत आला आणि म्हणाला, "परवानगी आल्याबिगर कुदळ लावायची न्हाई." इंजिनियर वासूसाहेबांनी नकाशा काढून अर्ज आधीच दिला होता. तो कारवारला गेला, बेंगळूरला गेला, दिल्लीला गेला. एक शिक्का राहिला म्हणून परत आला, पुन्हा गेला. अर्ज एवढा हिंडला आणि मी मात्र जागचा हललो नाही.

पाच वर्षं, मित्रांनो! एका तोंडाशी वारूळ, दुसऱ्या तोंडात चिखल. वेलींनी मला असं करकचून बांधलं की श्वास घ्यायची सोय नाही. वीस पावलांवर ओढा खळखळत जायचा आणि मी नुसता ऐकायचो. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

१९९१ च्या मे महिन्यात परवानगी आली. गड्यांनी वेली तोडल्या, मला दोर लावला, नारळ फुटला. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. तेवढ्यात रुक्मा वासूसाहेबांना म्हणाली, "साहेब, जरा हिकडं या."

तिच्या बांधावर एक फणस होता. दर पावसाळ्यात पाणी जिथवर चढेल, तिथं ती कोयत्यानं खाच पाडायची. सगळ्यांत वरची खाच साहेबांच्या छातीला लागली. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी ओढा मोजला होता मार्च महिन्यात, घोटाभर पाण्यात उभं राहून.

"रुक्माक्का, हे आधी का नाही दाखवलंस?"

"तुमी इचारलं कुठं? जीपमधनं उतरला, पट्टी लावली, गेला."

 साहेब चाचरत म्हणाले, "दोन फुटानं भागणार नाही. पण मोरी मोठी करायची तर जंगलाची जमीन जास्त खोदावी लागणार, म्हणजे परवानगी पहिल्यापासून. तोवर हा तरी बसवू का? काहीच नसण्यापेक्षा बरा."

"नगं," रुक्मा म्हणाली. "ह्यो बसला की तुमच्या कागदावर काम झालं. मंग माझ्या शेताकडं कोन येतंय?"

खरं सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोर गळ्यात, खड्ड्याची आखणी समोर, आणि ही बाई नको म्हणते! ओरडावंसं वाटलं, पण तोंडात चिखल. साहेबांनी नकाशा गुंडाळला. मग गड्यांना म्हणाले, "दोर सोडा. माप माझं चुकलं, तसं मीच लिहून देतो."

जुलैत ते परत आले. भर पावसात, कमरेला दोर बांधून ओढ्यात उतरले. दोराचं टोक उमाजीनं धरलं होतं. रुक्मा काठावरून ओरडत होती, "आनी वर, साहेब, आनी वर चढतंय!" नवा नकाशा दहा फुटी मोरीचा झाला. त्याच्या परवानगीला आणखी तीन वर्षं लागली. तिन्ही वर्षं रुक्माचं भात कुजलं. ती बांबूतोडीला जायची, घरी पेज पातळ व्हायची. पण 'तोच पाइप बसवा' असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

१९९४ साली मोरी झाली. आम्हां तिघांना न्यायला ट्रॅक्टर आला, तर उमाजी पुन्हा हजर. "जंगलातली वस्तू भाईर न्यायाची तर पास लागतोय." साहेब पोट धरून हसले. मी काय हसणार, कपाळ! मला हलवायचा अर्ज सध्या कुठं तरी फिरतो आहे.

यंदा पाऊस धो धो पडला. ओढा मोरीखालून सरळ निघून गेला. रुक्माचं भात कमरेएवढं झालं. परवा ती माझ्यावर बसून न्याहारी करत होती. उठताना पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुला बसवला असता तर माझं शेत गेलं असतं बग, बाबा."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी ओढा मोजायला गेलात, तर ज्याच्या शेतात पाणी शिरतं त्याला आधी विचारा. पाइप धडधाकट असून भागत नाही. रुक्मा म्हणाली ते खरं होतं. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.