पऱ्हाटीवर पेटलेला बॉयलर

मित्रांनो, मी साखर कारखान्यातला एक जुना बॉयलर आहे. माजलगावजवळच्या शेतकऱ्यांनी शेअर भरून सहकारी कारखाना काढला, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीने मला घडवले. उसाचे चिपाड जाळायचे, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर यंत्रे फिरवून वीजही करायची, हे माझे काम. हंगामाच्या आरंभी सभासद मला हळदकुंकू लावून पेटवत. मग उसाचा शेवटचा फड तुटेपर्यंत माझी आग विझत नसे.

पुढे लागोपाठ दुष्काळ पडला. धरण आटले, ऊस वाळला. चिपाडच नाही, तर मी पेटणार कशाने? माझ्या धुराड्यात पारव्यांनी घरटी केली. फिटर कय्युम तेवढा येऊन माझ्या नळ्या पुसून जाई. शेवटी संचालकांनी मला भंगारात काढायचे ठरवले.

त्याआधी मला एकदा तपासायला पुण्याच्या कंपनीने सुरैया नावाच्या इंजिनिअरला पाठवले. ती आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीची. येताना तिला शेताशेतांत धूर दिसला होता. कमी पाण्यावर येणारा कापूस वेचून झाला, की लोक पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, उपटून बांधावर जाळत. माझ्यापुढे उभी राहून तिने वरच्या साहेबांना फोन लावला. पऱ्हाटीवर बॉयलर चालवून बघू, असे ती सांगत होती आणि साहेब काही ऐकेनात. तेव्हा ती म्हणाली, "साहेब, दुष्काळात कारखानेच बंद पडले, तर आपले बॉयलर घेणार कोण?"

हा प्रश्न कंपनीला लागला. परवानगी मिळाली.

पण पहिली चाचणी फसली. पऱ्हाटीची साल दोरीसारखी यंत्रात गुंडाळली गेली आणि राख वितळून माझ्या जाळीवर दगडासारखी बसली. संचालक उठून गेले. सुरैया खाली मान घालून बसली. तेव्हा पऱ्हाट्यांची पहिली गाडी आणणाऱ्या सभासद भामाबाई तिच्याजवळ आल्या. "पोरी, पेरलेलं समदंच उगवतं का? आमी पऱ्हाट्या आणतो, तू तुजं काम कर."

कय्युमने छिन्नी घेऊन ती राख फोडायला घेतली. सुरैयाने पऱ्हाटी बारीक कापून वाळवायला सांगितली. कंपनीने हलती जाळी बनवून पाठवली. तिच्यामुळे राख वितळण्याआधीच खाली झटकली जाई. दुसऱ्या वेळी मी पेटलो तो पेटतच राहिलो. वाफ चढली, वीज तयार झाली, दिवे लागले. कामाला दुसऱ्या जिल्ह्यात निघालेल्या लोकांनी बांधलेली बोचकी सोडली. पऱ्हाटी तोडायचे, वाहायचे काम गावातच मिळाले. कंपनीने मग तसे बॉयलर इतर दुष्काळी भागांतही बसवले. दूरदूरचे इंजिनिअर मला बघायला येत आणि कय्युम छाती काढून माझ्या शेजारी उभा राही.

मित्रांनो, कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले नाही. आमच्यासारखेच तिचेही अडले होते. अडलेल्यांनी एकमेकांचा हात धरला, म्हणून मी वाचलो.

आता ऊस पुन्हा भरपूर आहे. माझी ती हलती जाळी साफ करायला कुणाला सवड नाही. तिच्यावर गंज चढतो आहे. माझे एवढेच मागणे आहे, की सुकाळात तिला तेलपाणी करत जा. दुष्काळ सांगून येत नाही. तो येईल तेव्हा मला पेटता आले पाहिजे.