नऊ हिंगणांच्या मरणाचं कारण

दिग्विजयला यंदाचा वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. बारामतीत, गार सभागृहात, शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या कुंडीतलं प्लास्टिकचं रोप, असा रीतसर मिळाला. आता हे घडलंच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण दिग्विजय स्वतः तसंच धरून चालला होता. लासुर्ण्याच्या घरी आई ते रोप टीव्हीवर ठेवायची, हा ते उचलून गव्हाच्या कोठीमागं ठेवायचा, आई परत टीव्हीवर ठेवायची. तीन आठवडे हे चाललं, आणि दोघांपैकी कुणीही त्यावर एक शब्द काढला नाही.

तर, काही घडलेलं नाही. दिग्विजय चोवीस वर्षांचा आहे, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे आणि झाडं लावणाऱ्या एका संस्थेत क्षेत्र समन्वयक आहे. इंदापूर तालुक्यात जुन्या रानाचे जे तुकडे उरलेत, त्यांत कोणती देशी झाडं शिल्लक आहेत हे लिहून आणायचं, हे त्याचं काम. तुकडे म्हणजे अगदी तुकडेच. निरवांगीजवळचं बिरोबाचं बन अकरा गुंठे. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला पाण्याची चारी. देवाला भिऊन कुणी नांगर घातला नाही, तेवढं रान उरलं. बाकीच्या माळाला देव नव्हता.

त्या बनात हिंगणाचं एक म्हातारं झाड होतं. हिंगण म्हणजे अंगभर काटे, आणि सावली विचाराल तर उभ्या माणसाच्या अर्ध्या अंगाला पुरेल एवढी. पूर्वी बायका त्याच्या फळाच्या गरानं लुगडी धुवायच्या. साबण आला आणि झाडाची नोकरी गेली.

एकट्या बनाबाईनं मात्र त्याला कामावर ठेवलं होतं. पासष्टीची बनाबाई चौदा शेळ्या घेऊन या बनातून त्या बनात हिंडायची. शेळ्या हिंगणाची फळं खायच्या आणि रात्री रवंथ करताना बिया गोठ्यात टाकायच्या. सकाळी ती त्या वेचून गाडग्यात ठेवायची आणि आभाळ भरून आलं की बनातल्या बोरीच्या जाळीत नेऊन टोचायची. उघड्यावर रोप आलं तर जनावर खातं, बोरीच्या काट्यांत मात्र कुणाचं तोंड पोचत नाही. तिच्या सासूची ही रीत, त्या आधी सासूच्या सासूची.

"माझ्या शेळ्या त्याचं खात्यात, मग त्याचं त्याला माघारी नगं द्यायला?" ती म्हणाली होती.

फेब्रुवारीत दिग्विजय पहिल्यांदा आला तेव्हा तिनं काठीनं जाळी बाजूला करून दाखवलं. आत नऊ रोपं. कुणी गुडघ्याएवढं, कुणी कमरेएवढं. दिग्विजय त्या मातीत गुडघ्यावरच बसला.

"मावशी, अख्ख्या तालुक्यात मला हिंगणाची म्हातारी झाडं सापडली सहा. पोरं एक नाही."

"पोरं कुठनं व्हत्याल? भवतीनं समदा ऊस. बी पडलं की पान्यात कुजतं. आमच्या हौशीच्या पोटातनं जाईल तेवढंच पल्याड जातंय."

हौशी ही पुढारी शेळी. रानाच्या या तुकड्यांमधली एकमेव एसटी, तीही वेळेवर धावणारी.

मे महिन्यात संस्थेचे अध्यक्ष मानसिंगराव यांनी ठरवलं की पर्यावरण दिन याच बनात करायचा. अकरा गुंठ्यांत एकशे एक्कावन्न वड.

"साहेब, वडाला जागा लागते," दिग्विजय म्हणाला.

"आठ-आठ फूट सोडतोय की. आणि त्या बोरी आधी काढा. काट्यांत पाहुणे फिरणार कसे?"

"बोरीत हिंगणाची नऊ रोपं आहेत, साहेब."

"मग ठेव तुझी नऊ. खुणा कर. मी काय झाडाचा वैरी आहे का?"

दिग्विजयनं खुणा केल्या. बोटाएवढ्या खोडावर आकडा मावेना, म्हणून खोडाला लाल पट्टा ओढला आणि शेजारी आकड्याची खुंटी ठोकली. एक ते नऊ. बनाबाईला सांगितलं, "मशीन येईल तेव्हा मी स्वतः उभा राहतो."

"ऱ्हावा," ती म्हणाली. "मशीनला डोळं नसत्यात."

जेसीबी आला त्या सकाळी दिग्विजय बारामतीत होता. कार्यक्रमाच्या बॅनरवर त्याचा फोटो सगळ्यात खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा छापला होता. तो मोठा करून घ्यायला गेला होता. तासाभराचं काम म्हणून गेला. फोटो मोठा केल्यावर केस विस्कटलेले दिसायला लागले, म्हणून दुसरा फोटो काढला. दुपार झाली.

परतला तर जेसीबीवाला लखन लिंबाखाली भाकरी खात बसलेला. बन न्हाव्याच्या हाताखालून उठल्यासारखं.

"नऊच्या नऊ काढली बघा सर. पयली तीच घेतली."

"काढली म्हणजे?"

"मुळासकट. कायबी ठिवलं न्हाय." लखननं शाबासकीसाठी थोडी वाट पाहिली. "रस्त्याच्या रुंदीकरणावर दोन वर्सं काढल्यात मी. लाल पट्टा आन् नंबर म्हंजे पाडायचं. त्यात आपली चूक व्हनार न्हाय."

"लखन, ती ठेवायची होती."

लखननं घास खाली केला. "ठिवायच्या झाडाला नंबर कोन देतं, सर?"

दिग्विजय या मुलखात जन्मला, वाढला. नंबर घातलेलं झाड पुढच्या वर्षी उभं असलेलं त्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

उपटलेली रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून त्यानं चारीच्या कडेला लावली. आठव्या दिवशी नवव्याचीही काडी झाली. तोवर वड लावून, फोटो काढून पाहुणे गेले होते. मोठ्या फोटोत दिग्विजयचे केस चांगले आले होते.

मग अहवालाचा छापील कागद भरायला आला. त्यात रकाना होता: रोपांच्या मृत्यूचं कारण. त्यापुढं तीन चौकटी. रोग. पाण्याचा अभाव. जनावरे. 'आम्ही' अशी चौकट नव्हती. दिग्विजयनं पेन हातात धरून अर्धा तास घालवला, चहा घेतला, आणि 'जनावरे'वर बरोबरची खूण केली. खाली शेरा लिहायला जागा होती, तिथं लिहिलं, स्थानिक शेळ्या. अक्षर मात्र मोत्यासारखं आलं.

संस्थेनं तिच्या इतिहासात पहिल्यांदाच तातडीनं काम केलं. पंधरा दिवसांत बनाला तारेचं कुंपण आणि वर पाटी: शेळ्यांना सक्त मनाई. शेळ्यांना वाचता येत नसल्यामुळं पाटी बनाबाईसाठी होती हे उघड होतं.

ती कुंपणाबाहेर बसलेली असताना दिग्विजय तिला सामोरा गेला. टाळता आलं असतं, पण वाट एकच होती.

"शेळ्यांनी खाल्ली म्हनं," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"काट्यातनं?"

तो तारेचा ताण बघू लागला. मग त्याच्या खोट्याला तिनंच टेकू दिला.

"आसंल बाबा. भुकेचं जनावर काटं बगत न्हाय. हौशीचंच काम आसंल, लई आगाव हाय ती. मी बी तिला काठीनं बडवली आन् दोन दिस बांदून घातली."

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. दिग्विजय म्हणाला, "मारू नका, मावशी. मुकं जनावर आहे." आणि हे म्हणाल्याबद्दल बनाबाईनं त्याला मनानं चांगला पोरगा म्हटलं. ते त्याला पुढं पुरस्काराच्या टाळ्यांपेक्षा जास्त ऐकू येत राहिलं.

त्या वडांबद्दलच्या पुरस्कारानंतर, म्हणजे काहीच न घडल्यानंतर, फेब्रुवारीत तो पुन्हा बनाकडं गेला. निम्मे वड वाळले होते. हिंगणाखाली पिवळ्या फळांचा सडा पडला होता, आणि खाणारं तोंड कुंपणाबाहेर होतं. बनाबाई पालथी पडून तारेखालून आकडी घालून एकेक फळ ओढत होती. पंचवीस-तीस झाली होती. हौशी शेजारी उभी राहून ते काम बघत होती.

"या वृक्षमित्र," बनाबाई म्हणाली. "जरा लांबचं काढा. तुमचा हात पोचंल."

तो खाली बसला. हात घातला नाही.

"मावशी, शेळ्यांनी नाही खाल्ली. मशीननं काढली. मी उभा नव्हतो. बारामतीला फोटो मोठा करायला गेलो होतो. आणि कागदावर तुमच्या शेळ्यांचं नाव मी घातलं."

बनाबाई उठून बसली. लुगड्याची माती झटकली. ती शिव्या देईल अशी त्याला आशा होती.

"मंग हौशीला मी मारलं ते?"

हौशी एक फळ चघळत होती.

"माझ्यापुढं नगा मान खाली घालू," बनाबाई म्हणाली. "मला सांगून काय हुतंय? कुंपान कागदानं घातलंय. कागदावर लिवलंय तुमी, तर कागदावरनंच पुसा."

त्याच संध्याकाळी त्यानं अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या कचेरीत दिला. आवक बघणाऱ्या माणसानं न वाचता शिक्का मारला आणि पोच दिली. अर्ज असा:

प्रति, मा. अध्यक्ष साहेब. विषय: शेळ्यांवरील ठपका मागे घेणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बिरोबाचे बन येथील नऊ हिंगण रोपांचा मृत्यू जनावरांमुळे झालेला नसून तो खाली सही करणाऱ्याच्या गैरहजेरीमुळे झालेला आहे. सबब, मौजे निरवांगी येथील चौदा शेळ्यांची निर्दोष मुक्तता करून तारेचे कुंपण तात्काळ काढण्यात यावे. अहवालात 'जनावरे' या चौकटीशेजारी 'समन्वयक' अशी चौकट छापण्यात यावी. काढलेल्या बोरी मूळ जागी, मूळ काट्यांसह पूर्ववत करून देण्यात याव्यात. आणि हौशी नावाच्या शेळीस विनाकारण मारहाण होऊन दोन दिवस बांधून राहावे लागल्याबद्दल तिच्या नावे संस्थेच्या लेटरहेडवर, आपल्या सहीशिक्क्यानिशी, दिलगिरीचे पत्र देण्यात यावे, ही नम्र विनंती.