कॅमेऱ्यासाठी लिहिलेली ओळ

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी फार जळतो. माझी ताई कर्नल लिहिते. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. यूएसबीच्या वायरीने जोडलेल्या आम्हा सगळ्यांना तोच सांभाळतो. नऊ वर्षं मी ताईचं अक्षर न् अक्षर पोचवलं, कधी कुरकुर केली नाही. त्यामुळे माझं कौतुकही कधी झालं नाही.

मग ताईच्या बाबांसाठी कॅमेरा आला. बाबांची नजर अधू. पुस्तक त्याच्याखाली धरलं की पडद्यावर मोठी अक्षरं दिसायची. आमच्याच कंपनीचा, माझा धाकटा भाऊच म्हणा, पण नखरे किती! काम नसलं की कर्नल आम्हाला डुलकी घ्यायला लावतो. हाक आली की मी ताडकन उठतो. हा मेला उठायचाच नाही, आणि बाबा अर्ध्या पानावर ताटकळायचे.

ताईने त्याला फेकलं का? छे! कर्नलमध्ये वाकडं वागणाऱ्या उपकरणांची एक यादी असते. त्या यादीत तिने ह्याच्यासाठी खास ओळ लिहिली: हा उठला की आधी नव्याने सुरू करा, मगच काम सांगा. तीही माझ्याच अंगावर बोटं आपटून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता, आमच्या प्रत्येकाकडे दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक स्वतःचा. घाईत ताईने फक्त कंपनीचाच लिहिला. त्यामुळे ती ओळ मलाही लागू झाली. चला, आपलेही लाड होणार म्हणून मी हरखलो! पण डुलकीतून उठताच कर्नल मला नव्याने सुरू करी आणि तेवढ्यात ताईने दाबलेली पहिली अक्षरं गळून जात. चार दिवस ती चिडली, मग नवा कीबोर्ड घेऊन आली. मी कपाटावर जाऊन पडलो.

मला खाली आणलं ते बाबांनी. ते म्हणाले, "नऊ वर्षं धड होता, आणि तू ती ओळ लिहिलीस त्याच दिवशी बिघडला? तुझी ओळ बघ आधी."

ताईने ओळ पाहिली, कपाळावर हात मारला आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा क्रमांक तिथे घातला. मग मला पुसून पुन्हा जोडलं.

"तुझं काहीच चुकलं नव्हतं रे," ती म्हणाली.

नऊ वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली, आणि त्यासाठी मला बिघडावं लागलं. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी मुकाट्याने राबत असेल. ते अडून बसायच्या आत त्याच्याशी दोन शब्द बोला.