बोलणाऱ्याच्या हातातला रूळ

मित्रांनो, असे मागे सरकू नका. मी आता कोणाला मारत नाही. मी रेघा आखायचा एक जुना रूळ आहे. बाभळीचा, गोल, हातभर लांब. खामगावच्या कय्यूम खराद्याने मला कातून, घासून गुळगुळीत केलं. धामणगाव बढ्याजवळच्या एका गावात नव्याने लागलेले उत्तमराव गुरुजी मला विकत घेऊन शाळेत आले.

हजेरीपटावर मी सरळ रेघा ओढल्या आणि मुलांच्या हातांवर वळ. "रूळ टेबलावर दिसला की वर्ग चिडीचूप," असं गुरुजी कौतुकाने सांगत आणि मी फुशारून जाई. एकदा सातवीतल्या कचरूने विचारलं, "गुरुजी, हे असं काऊन?" धडा मध्येच थांबवून ‘का’ विचारलं म्हणून त्याला माझे दोन तडाखे बसले. त्याने शाळेत पुन्हा कधीच काही विचारलं नाही. ते मला अजून बोचतं.

पुढे मुलांना मारायला बंदी आली आणि मी कपाटावर गेलो. धूळ, पाली आणि फाटके नकाशे यांच्या संगतीत बरीच वर्षं काढली. खरं सांगतो, मला माझाच राग येत होता.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. कपाशी वरून हिरवीगार, बोंडं आतून किडलेली. घरोघरी तोच विषय, वर्गात मात्र कोणी चकार शब्द काढत नव्हतं. नवीन आलेल्या कौसर मॅडमनी मला खाली काढलं, पुसलं आणि सातवीच्या मुलांना म्हणाल्या, "दर शुक्रवारी शेवटचा तास तुमचा. विषय तुमचा, प्रश्नही तुमचेच. ज्याच्या हातात रूळ, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मीसुद्धा."

कोणी मला हात लावेना. बापांनी माझा मार खाल्ला होता, हे मुलांना ठाऊक होतं.

उत्तमराव गुरुजी आता मुख्याध्यापक होते. "पोरं नुसता गलका करतीन," ते म्हणाले. "या शुक्रवारी मी मागं बसतो. गलका झाला त तास बंद."

शुक्रवारी मला उचललं ते मंजुश्रीने, त्याच कचरूच्या लेकीने. "आमच्या वावरात अळी पडली काऊन?" असं विचारून तिने मला फैजानकडे दिलं. त्याच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान होतं.

"बीटीच्या, म्हंजे अळी मारनाऱ्या कपाशीच्या थैलीत साध्या कपाशीची लहान पुडी येते," तो म्हणाला. "ती वावराच्या भोवताल लावा लागते. अळीले साधं झाड भेटलं नाही, त ते बीटीच पचवाले शिकते. पण लावते कोण?"

"आमी त फेकतो!" "आमीबी!" सगळे एकदम ओरडू लागले. गुरुजी उठले. आता तास संपला, असंच मला वाटलं. मंजुश्रीने फैजानकडून मला घेतलं आणि डोक्यावर उंच धरलं. वर्ग गप्प होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"हे पाहा, त्याचं असं हाये," गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी," ती मला खाली न आणता म्हणाली, "रूळ माह्यापाशी हाये."

गुरुजींनी सावकाश हात वर केला. "मले भेटन का?"

मला घेऊन ते म्हणाले, "मी शिकला-सवरला माणूस. पण हलकं बियाणं समजून त्या पुड्या म्या बी फेकल्या. चुकलंच माहं." आणि दोन्ही हातांनी मला परत देऊन ते खाली बसले. तास बंद झाला नाही.

मुलं आठवीत गेली तरी शुक्रवारचा तास चालूच राहिला. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर, त्याच तासाला कचरू वर्गाच्या दाराशी आला. हातात साध्या कपाशीची ती लहानशी पुडी होती. मंजुश्रीने उठून मला त्याच्यासमोर धरलं. त्याने मला ओळखलं आणि तो थबकला. तरीही त्याने मला घट्ट धरलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखं काही पडलं असेल, तर ते खाली काढा, पुसा आणि एकमेकांच्या हाती द्या. फार काळ कपाटावर ठेवू नका. कारण त्या दिवशी तीस वर्षांनी मी कचरूचा आवाज ऐकला.

"पोरांनो," त्याने विचारलं, "हे कशी लावाची?"