यादोरावांच्या अंगणातली लाइनशांती

यादोरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नेटच्या डब्याला हळदकुंकू, डब्यावर लिंबू, आणि समोर मांडी घातलेले लहरीनाथ महाराज. डोळे मिटून ते सांगत होते, "कोहमाऱ्याहून येणारी वायर बाधली आहे, भक्तहो. आकाशमार्ग तुंबला आहे. ओम् डाउनलोडाय फट्!"

आणि दोन महिने रखडलेलं नेट खरंच धावू लागलं. टीव्हीवरचं भजन एकदाही अडेना. बायांनी हात जोडले.

पुष्पांजलीनेही जोडले. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आज पाचपर्यंतच मुदत होती. काल ती गोंदियाला जाऊन भरणार होती, पण हिमांशूने अडवलं. हिमांशू तिचा चुलतभाऊ. गावात मोबाइलला रेंज नव्हती; नेट तोच पुरवायचा. "कायले धूळ खात जातेस? उद्या शांती होऊन राहिली. घरीच भर." दरवर्षी ज्याला राखी बांधायची, त्याचं तिने निमूट ऐकलं.

चार वाजता ती घरी धावली. डब्यावर लाल दिवा. महाराज म्हणाले होते, श्रद्धा ठेवा, येईल. पाऊण तास तिने श्रद्धा ठेवली. मग शेजारी डोकावली, तर तिथेही लाल दिवाच.

तिचे वडील देवचंद गावतलावाच्या पाण्याची पाळी सांभाळायचे. धानाच्या बांधीत पाणी आलं नाही की ते शेताच्या धुऱ्यावर बसून राहत नसत. पाटाच्या कडेने वर चालत जात, कुणी अडवलं ते बघायला. हे इतक्या उशिरा सुचल्याचा पुष्पांजलीला स्वतःचाच राग आला. ती वायरीमागे चालत निघाली आणि हिमांशूच्या नेटच्या खोलीशी पोचली.

कॉम्प्युटरवर सत्तर घरांची यादी होती. एकोणसत्तर घरं बंद. चालू एकच, यादोरावांचं.

"हे काय होय, हिमांशूभाऊ?"

तो खाली बघत म्हणाला, "कोहमाऱ्याच्या कंपनीकडून येते ते लाइन वीस घराले पुरते. मी सत्तर जोडले. दुसऱ्या कंपनीचाही जोड हाय म्हणत होतो, तो कधी घेतलाच नाई. लोक शिव्या देऊन राहिले होते, मंग हा महाराज धरून आणला."

"म्हणजे तो फट् म्हणते, अन् तू सगळ्याईचं तोडून एकाच घरी सोडतं."

"तुह्या घरची लाइन चालू ठेवणार होतो. विसरलो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

ती अंगणात परतली आणि सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. महाराज लिंबू गोळा करू लागले. यादोराव पुटपुटले, "पण भजन तं चाललं ना, पोरी?"

"आमचं बंद करून चाललं, काकाजी. पाटाचं पाणी कमी झालं तं तुम्ही विचारता, कुठून येते, कोनं अडवलं, किती बांध्याईले पुरते. नेटले लिंबू काऊन? तेच विचारा ना हिमांशूभाऊले. मी विचारलं नाई, माहं वर्ष गेलं. भाऊ होता म्हणून विचारलं नाई."