बिनआवाजाचं मशिन

आमच्या ह्यांना काही लपवायचं असलं की ते जेवताना मीठ मागतात. भाजी कितीही खारट असो, हात मिठाच्या वाटीकडे जाणारच. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळतं. त्या दिवशीही त्यांनी मीठ मागितलं आणि ताटाकडे बघत म्हणाले, "एक कम्प्युटर बनवून घ्यावा म्हणतो. गेम खेळायचा. फक्त आवाज नाय पाहिजे त्याला."

मी भाकरी तव्यावरच ठेवली आणि वळून बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

दुसऱ्या कुठल्या घरात हे बोलणं हसण्यावारी गेलं असतं. आमच्या घरात नाही. ह्याच खेळापायी आमचा सत्यम घर सोडून गेला. तो इंजिनिअरिंगला असताना त्याची कसलीशी मोठी ऑनलाइन स्पर्धा होती, चार मित्र त्याच्या टीममध्ये होते, आणि नेमके हे वाळूजहून कंपनीतून आले ते सत्यमच्या नापास विषयांचा निकाल डोक्यात घेऊन. काही विचारलं नाही, सांगितलं नाही, थेट भिंतीवरचं बटण बंद केलं. डाव अर्धा राहिला.  दोन दिवसांनी पोरगं बॅग भरून पुण्याला गेलं. आता तिथंच एका कंपनीत गेम तपासायची नोकरी करतं. माझे फोन घेतो, "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" विचारतो, पण ह्यांनी फोन हातात घेतला की कट. ह्यांनी त्याचा कम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

आणि यंदा मी कशीबशी त्याची मनधरणी केली होती. महालक्ष्म्यांना ये म्हणाले. आधी "बघू" म्हणाला, मग "येतो" म्हणाला. आता हा पोरगा उंबऱ्यात पाय ठेवणार आणि त्याला दिसणार काय, तर बाप नवाकोरा गेमचा कम्प्युटर मांडून बसलाय. तो तसाच उलट्या पावली स्टँडवर जाईल, आणि मग मी कितीही फोन केले तरी येणार नाही. मला दुसरी कसली भीती नव्हती, एवढी एकच होती.

"तुम्हाला कशाला पाहिजे गेम?" मी विचारलं.

"टाइमपास," हे म्हणाले, आणि पुन्हा मीठ घेतलं.

तसा संशय मला उन्हाळ्यापासूनच होता. कंपनीतून लवकर निवृत्ती घेतल्यावर ह्यांनी एक दिवस माळ्यावरून ते जुनं मशिन खाली काढलं, पुसलं आणि सत्यमच्या खोलीत लावलं.  जन्मभर प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकलेला माणूस, एक कान पार गेलेला, दुसऱ्याला ऐकू यायचं मशिन लावलेलं. घरात बसून करणार काय? पण मग रोज दिवेलागणीला खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. ते जुनं मशिन पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं, त्यामुळे दाराला कान लावूनही मला आतलं काही कळायचं नाही. हो, लावला होता कान. लपवाछपवी त्यांनी सुरू केली होती, मी नाही.

आता त्यांना आवाजच नको होता. ज्याला आवाज नको असतो त्याच्या मनात काहीतरी असतं, असा माझा हिशेब.

पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता. प्रोसेसर फार तापणारा नको, तापला की पंखा पळतो. हार्ड डिस्क नको, ती कुरकुरते, त्याऐवजी एसएसडी. पंखा मोठा घ्यायचा, म्हणजे सावकाश फिरला तरी भागतं. ज्या माणसाला फोनची रिंग बदलता येत नाही तो मला हे सांगत होता.

"हे सगळं तुम्हाला सांगतं कोण?"

"हाय एक जण. खेळतो माझ्यासंगं."

"नाव काय त्याचं?"

"खेळात नावं नसतात."

"गाव?"

"तसलं विचारत नसतात तिथं." आणि उठून गेले.

माझ्या माहेरच्या एकाला असाच फोनवरच्या दोस्तानं पार धुऊन नेलं होतं. मी ठरवलं, दुकानात मी सोबत जाणार.

दुकान पैठण गेटच्या मागच्या गल्लीत होतं. याह्या नावाचा तरुण मुलगा ते चालवतो, नव्या-जुन्या पार्टांचे कम्प्युटर बांधून देतो. ह्यांनी मोबाईल काढला आणि त्या दोस्ताचे मेसेज त्याला वाचून दाखवायला लागले. मी याह्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोघांचं संगनमत असेल तर डोळ्यांत दिसेल असं मला वाटत होतं.

याह्यानं रंगीबेरंगी दिव्यांचा, काचेच्या बाजूचा कम्प्युटरचा एक डबा पुढे केला. "काका, सगळे हाच नेतात. बजेटमधी बसतो."

"नको," हे म्हणाले, "त्यानं सांगितलंय, दिवे बिलकुल नको. घरात बाईमाणसाला झगमग चालत नसंल. बंद डबा घ्या, आतून फोम लावलेला."

 मला झगमग चालत नाही हे खरं आहे. गणपतीला सत्यमनं लावलेली ती पळती माळ मी त्याच दिवशी काढायला लावली होती. पण ते ह्या अनोळख्या माणसाला कुणी सांगितलं?

"आणि काय म्हणतो तो?" मी विचारलं.

हे वाचत गेले. "डबा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. फरशी पुसताना बादलीभर पाणी ओततात, ते आत जातं."

 फरशी मी तशीच पुसते. अख्खी गल्ली मला त्यावरून हसते. म्हणजे हा माणूस आमचं घर बघत होता, कुठून तरी, कसं तरी. मी ह्यांच्या दंडाला धरून बाहेर ओढलं. "तुमच्या मोबाईलमधून कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे. चला घरी."

"तुझं आपलं कायतरीच," हे म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. वाटी तिथं नव्हती, नाहीतर मीठ मागितलं असतं.

आत याह्यानं एक जुनं ग्राफिक कार्ड मशिनला जोडून ठेवलं होतं. पडद्यावर चित्र आलं, पण कार्डावरचे पंखे जागचे हलेनात. आता मला धरायला काहीतरी सापडलं.

"हे बंद पडलेलं गळ्यात मारतोस काय रे?"

"नै भाभी," याह्या हसला. "थंड है तो पंखा घूमताच नै. गेम चालू करतो, बघा." त्यानं काहीतरी लावलं, थोड्या वेळानं पंखे हळूच फिरायला लागले. "जिसने ये पार्ट चुने, उसको सब मालूम है. आवाज कमी करायलाच निवडलेत एकेक. भाभी, हा माणूस तुमचा दुश्मन नसंल."

ह्यांनी वाकून आपला बरा कान त्या कार्डाजवळ नेला. ज्या माणसानं आयुष्यभर धडाधडा आवाज ऐकला, तो तिथं डोळे मिटून उभा होता आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की मला त्याचा राग आला. माझ्यासमोर ते असं कधी हसल्याचं मला आठवेना. तिथल्या तिथं मनात आलं, तो दोस्त नसेलच. बाई असेल.

रविवारी सत्यमचा फोन आला. ह्यांचं नाव न घेता मी आडून विचारलं, "का रे, गेममध्ये एखाद्यानं ओळख काढली आणि घरातलं सगळं त्याला माहीत असलं, तर तो फसवणाराच ना?"

 तो म्हणाला, "कुणाला आलाय असा माणूस?"

"शेजारच्यांना."

"शेजारच्यांना सांग, घेऊ द्या म्हणावं त्यांना कम्प्युटर."

"कम्प्युटरचं मी कुठं बोलले?"

"गेम म्हणलीस ना, मग कम्प्युटर आलाच. चल, मीटिंग हाय." फोन ठेवला.

आता मला पोराचाही संशय यायला लागला. घरातले दोन्ही पुरुष काहीतरी गिळून बसले होते आणि मी एकटीच मूर्खासारखी दाराला कान लावत होते.

मशिन महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात घरी आलं. काळा, साधा डबा, एकही दिवा नाही. टेबलावर ठेवला, जमिनीवर नाही. सोबत एक छोटा माईक होता. "हा कशाला?" तर म्हणे, "टीममधी लागतो. तो म्हणला लावूनच ठेवा. आपण बोललोच नाय तर काय ऐकू जातंय? मी तर टाइपच करतो." दिवेलागण झाली, हे खोलीत गेले, कडी लावली.

मी दाराशी गेले. गिरणीची सवय झालेल्या माझ्या कानांना ती शांतता विचित्रच वाटली. ह्यांची खुर्ची वाजली ते ऐकू आलं, बोटानं कळ दाबली ते ऐकू आलं. आणि मग स्पीकरवर एक आवाज.

"रंगारी, पुढं नका जाऊ. माझ्या मागं थांबा. मी हाय."

 बाई नव्हती ती. तो आवाज मी नऊ महिने पोटात वाढवला होता.

मी दार इतक्या जोरात ढकललं की ती जुनी कडी निखळून खाली पडली. हे दचकून वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळे भरलेले, चोरी पकडलेल्या माणसासारखा चेहरा. मी जवळ गेले. पडद्यावर दोघे शिपाई एका भिंतीआड बसले होते. एकाच्या डोक्यावर जे नाव होतं ते मी ओळखलं. त्याच नावाचं स्टिकर सत्यमनं जुन्या डब्यावर चिकटवलेलं होतं, त्यावरूनच ह्यांनी त्याला शोधून काढलं असणार. दुसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, रंगारी.

आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे. माणूस पोरापासून लपायला गेला आणि गावाची पाटी गळ्यात अडकवून गेला.

"त्याला म्हाईत नाय," हे माझ्या कानात पुटपुटले. "मी हाय म्हणून कळलं तर खेळणार नाय तो. रोज त्याचा आवाज ऐकायला मिळतो गं. जुन्या मशिनमधी नीट ऐकूच यायचं नाय, हेडफोन लावला की कानातलं मशिन शिट्ट्या मारतं. म्हणून हे घेतलं."

मला रडू आलं आणि रागही आला. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेवढ्यात बाहेर लष्कराच्या छावणीत बिगुल वाजला. आमचं घर छावणीच्या भिंतीला लागून. तो बिगुल रोज तिन्हीसांजेला वाजतो आणि आम्हाला तो ऐकू येतो हेच आम्ही विसरून गेलोय. त्या क्षणी मात्र तो मला स्वच्छ ऐकू आला, कारण माझी नजर त्या माईकवर होती आणि त्यावरचा हिरवा ठिपका पेटलेला होता.

आमच्या घराशिवाय कुठं ऐकू येतो असा बिगुल? पोराला कळणार. आत्ता, ह्या क्षणाला कळणार, आणि महालक्ष्म्यांना येणारा पोरगा हातचा जाणार. मला दुसरं काही सुचलं नाही. मी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

ह्यांनी माझं मनगट धरलं आणि मोठ्यानं ओरडले, कान गेलेली माणसं ओरडतात तसे. "बटणाला हात लावू नको. पोराचा डाव चालू हाय."

मग सगळं शांत झालं. मशिन तर आधीच शांत होतं. हे माईककडे बघत राहिले, माझं मनगट त्यांच्या हातातच होतं. पडद्यावरचा सत्यमचा शिपाई हलायचा थांबला होता. आता तो जाईल, मला वाटलं.

"पप्पा," स्पीकरवर आवाज आला.  "मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय. रंगारी म्हणं. तुमच्याशिवाय कोण घेतंय असलं नाव."

 मीच वाकून माईकमध्ये म्हणाले, "मग बोलला का नाहीस रे इतके दिवस?"

"ते बोलंनात, मी तरी काय बोलू. आई, माझ्या जुन्या हेडफोनचा माईक चालूच असायचा, पण त्या जुन्या मशिनचा पंखा लई गुरगुरायचा. त्याच्याखाली घरातलं कायच ऐकू यायचं नाय. कधीमधी बिगुल, कधी कुकरची शिट्टी. तुझा आवाज तर नुसता पुसट. म्हणून पप्पांना म्हणलं, आवाज न करणारं घ्या."

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग बऱ्या कानाची बाजू स्पीकरकडे करून बसले आणि पहिल्यांदा टाइप न करता म्हणाले, "मी मागं थांबलोय. जा तू पुढं."

मी स्वयंपाकघरात आले. कडी जमिनीवर पडली होती ती उचलली नाही, दारं सगळी सताड उघडी ठेवली. परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसले. जरा जोरातच थापल्या.