दोन ओळींत मावेल तेवढंच

मी कात्री बोलतेय. घाबरू नका, बोलताना मी कापत नाही. तेवढी शिस्त मला आहे. ज्यांच्या नुसत्या बोलण्यानं माणसं कापली जातात, त्यांची हमी मात्र मी देऊ शकत नाही.

एका मोठ्या विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, माजी विद्यार्थ्यांचं कार्यालय आहे. तिथल्या लांब टेबलावर माझा मुक्काम. खरं तर मला शिंप्याकडे जायचं होतं. पाती लांब, मूठ जड, आणि धार अशी की जाड कापडाच्या चार घड्या एका दमात. पण कार्यालयाची स्टेशनरी मागवताना कोणीतरी यादीत 'कात्री, मोठी' एवढंच लिहिलं आणि मी इथे येऊन पडले. गेली सव्वीस वर्षं मी माणसांची आयुष्यं कापते. कापड बरं, ते स्वतःबद्दल एवढं बोलत नाही.

इथून दर सहा महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांचा अंक निघतो. पुढच्या पानांवर कुलगुरूंचे फोटो असतात, म्हणून सगळे तो मागून उघडतात. मागच्या आठ पानांवर 'कोण कुठे आहे' हे सदर असतं. कोणाला बढती मिळाली, कोणाचं लग्न झालं, कोण वारलं. प्रत्येकाला दोन ओळी. हा नियम संपादक सरांचा. सर इथेच तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरी करमेना म्हणून परत आले. घरच्यांनी अडवलं नाही. "दोन ओळींत मावत नाही ते आयुष्य नव्हे, पाल्हाळ," असं सर म्हणतात. हे समजावून सांगायला त्यांना अर्धा तास लागतो.

सदर जुळवतात टाचणीबाई. बाहीला कायम दहा-बारा टाचण्या टोचलेल्या असतात, म्हणून हे नाव. सरांना पडद्यावर वाचलेलं पचत नाही. त्यामुळे आलेला मजकूर बाई छापून घेतात, मी त्याच्या पट्ट्या कापते आणि बाई त्या मोठ्या तावावर चिकटवतात. डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात पट्टी. नाव डावीकडे असतंच, म्हणून पट्टीवरचं नाव मी छाटून टाकते. हे नीट ऐकून ठेवा, पुढे ते माझ्याच अंगाशी आलं.

इतक्या वर्षांत मला पट्टीवरून माणसाचं वय कळायला लागलंय. पंचविशीतला लिहितो, 'नोकरी लागली, सर्वांचे आशीर्वाद.' तिशीत लग्न आणि फ्लॅट, पस्तिशीत परदेश. चाळिशीत हुद्दा पट्टीपेक्षा लांब होतो. पन्नाशीत जो तो 'स्वतंत्र सल्लागार' होतो, म्हणजे त्याला घरी बसवलेलं असतं. साठीत नातवंडं, सत्तरीत गुडघे, आणि मग एक दिवस त्याची पट्टी दुसराच कोणीतरी पाठवतो. धंदा बुडाला, मुलगी बोलत नाही, असं कोणी लिहीत नाही. चुकून लिहिलंच तर सर लाल पेन्सिलीनं खूण करतात आणि मी माझं काम करते.

आता त्या दोघांची गोष्ट. एकाच वर्षी पास झालेले, हजेरीपटावर एकाखाली एक. वरचे म्हणजे एका अवाढव्य कंपनीचे मोठे साहेब. त्यांची पट्टी दर अंकाला हमखास यायची. पाठवायची त्यांची सेक्रेटरी. खालचा होता नकाशेवाला, इमारतींचे नकाशे काढणारा, दुसऱ्या गावी राहणारा. त्यानं आजवर एक ओळही पाठवली नव्हती.

मोठ्या साहेबांच्या आई आमच्या जुन्या वर्गणीदार. मुलगा पास झाला तेव्हापासूनच्या. राहतात याच शहरात, कार्यालयापासून चाळीस मिनिटांवर, एकट्या. मुलगा कितव्या पायरीवर चढला हे त्यांना आमच्या अंकातून कळायचं. अंक लांबला की फोन यायचा, "टाचणीबाई, आमचा मुलगा छापून झाला का गं?"

एका वर्षी नकाशेवाल्यानं पहिल्यांदाच पट्टी पाठवली. 'नोकरी सोडली. आईजवळ असतो. तिचे केस विंचरतो, तिला पेपर वाचून दाखवतो. स्वयंपाक जमायला लागलाय. झोप छान लागते.' सरांनी लाल पेन्सिल उचलली, मग मोजून पाहिलं, तर भरल्या दोनच ओळी. नियम तो नियम. साहेबांची पट्टी नेहमीसारखीच होती: कार्यकारी संचालकपदी बढती, तीन खंडांचा कारभार, मानाचा पुरस्कार.

दोन्ही पट्ट्या मी कापल्या, वरची नावं छाटली. तेवढ्यात बाईंनी पंखा लावला. पट्ट्या उडाल्या, बाई खाली बसून गोळा करत राहिल्या, आणि चिकटवताना वरची खाली गेली, खालची वर. सरांनी ताव तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तेव्हा सर खूश.

अंक निघाला. आठवड्याभरात नकाशेवाल्याच्या घरी चौदा अर्ज आले. ज्यांनी कॉलेजात त्याला कधी चहा विचारला नव्हता, त्यांनी आपापल्या मुलांचे बायोडेटा पाठवले होते. त्यानं सगळ्यांना उत्तर दिलं की माझ्याकडे भरती बंद आहे, आणि साहेब मी नव्हे, आई आहे. त्या उत्तराची प्रत आम्हालाही पाठवली. तक्रार काही नव्हती.

तक्रार घेऊन आले ते मोठे साहेब, स्वतः. जिन्याखालच्या खोलीत त्यांना वाकून शिरावं लागलं, त्याचाही राग असावा.

"मी नोकरी सोडली म्हणे! सकाळपासून संचालक मंडळाचे फोन चालू आहेत. मी आईचे केस विंचरतो म्हणे!"

"चूक माझी आहे, साहेब," बाई म्हणाल्या. निम्मी माझी होती, पण मला कोण विचारतो?

"खुलासा छापा. लगेच."

"अंक सहा महिन्यांनी निघतो," सर म्हणाले. "आणि खुलाशालाही दोनच ओळी."

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. एका हातात अंक, दुसऱ्यात फोन. अंगठा भलत्याच जागी पडला, स्पीकर लागला आणि त्यांच्या आईचा, म्हणजे आमच्या आजींचा, आवाज खोलीभर झाला.

"अरे, वाचलं हो मी. बोलला नाहीस काही! असू दे, तुझी सवयच ती. मागची खोली मोकळी केलीय. गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. तू अजून उजव्या कुशीवरच झोपतोस ना? म्हणजे पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवते."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो."

"कर. मी कुठे जातेय?"

फोन बंद झाला. साहेब अंकाकडे बघत राहिले. बाईंनी उगाच टाचण्या मोजल्या. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि सरळ तिकडे जाईल. मी कात्री, मला माणसं काय कळणार!

"खुलासा छापायचाच," साहेब म्हणाले. "फक्त आईच्या अंकात तो दिसता कामा नये."

"म्हणजे कसं?" सरांनी विचारलं.

"तेवढाच कापून काढा." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या सरांनाही त्यात तर्क सापडला नाही. पण साहेबांनी नव्या ग्रंथालयाला मदत केलेली, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

सहा महिन्यांत साहेबांनी आजींना दोनदा फोन केला म्हणे. दोन्ही वेळा 'या महिन्यात जरा कठीण आहे' एवढंच सांगितलं. मग अंक आला. बाईंनी आजींची प्रत उघडली, अठरावं पान काढलं आणि मला खुलाशाभोवती फिरवलं. साहेबांच्या फुशारक्या मी वर्षानुवर्षं कापल्या होत्या, भित्रेपणा कापायची ही पहिलीच वेळ. कडा मात्र मी सरळ ठेवल्या.

चार दिवसांनी आजींचा फोन.

"टाचणीबाई, माझ्या अंकाला खिडकी पडलीय."

"छापखान्यातली चूक असेल, आजी."

"छापखाना इतकं सरळ कापत नाही गं."

एवढं कौतुक माझं सरांनीही कधी केलं नव्हतं.

"शेजारणीचा मुलगाही तुमच्याकडचाच," आजी पुढे म्हणाल्या. "तिच्या अंकात वाचला खुलासा. आणि खरं सांगू? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझे केस हे एवढे एवढे, मानेच्या वर कापलेले. विंचरायचंय काय त्यात? आणि माझा मुलगा 'झोप छान लागते' असं लिहील? म्हटलं, दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा चुकून माझ्या घरी आलाय."

"मग खोली कशाला आवरलीत, आजी?"



"म्हटलं, वाचून त्यालाच लाज वाटली आणि तो आला तर? गादी तरी तयार असावी."

बाईंनी डोळे बाहीला पुसले. बाहीत टाचण्या आहेत हे त्या विसरल्या होत्या.

"रडू नकोस गं. माझं एक काम कर. तो खरा मुलगा कोण, त्याचा पत्ता दे. त्याच्या आईला पत्र लिहायचंय. लहानपणी काय खाऊ घातलं होतंस, ते विचारते."

कोणाचा पत्ता कोणाला द्यायचा नाही, हा कार्यालयाचा नियम. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांना एकाएकी खोकला आला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले. पाण्याचा जग टेबलावरच होता.

त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना काय लिहिलं, मला ठाऊक नाही. पुढच्या अंकाच्या वेळी मात्र नकाशेवाल्याची दुसरी पट्टी आली. 'आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आलो. एका आजींनी चार दिवस ठेवून घेतलं. त्यांच्या मुलासाठी तयार असलेल्या खोलीत झोपलो. तो अजून आलेला नाही.'

सरांनी लाल पेन्सिल उचलली. "ही काय बातमी आहे? कोणीतरी कुठल्यातरी गादीवर झोपलं!"

"सर, दोनच ओळी आहेत," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सरांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

सरांनी पट्टी पुन्हा वाचली. मग पेन्सिल कानामागे खोचली आणि ती शोधत दिवसभर फिरले.

साहेबांसारख्या देणगीदारांना अंक दोन दिवस आधी जातो. इतरांच्या प्रती अजून टेबलावर होत्या, मी पत्त्यांच्या चिठ्ठ्या कापत होते. तेव्हा मोठे साहेब दारात आले. या वेळी आवाज नाही. अंक घडी करून खिशात कोंबलेला.

"आईचा पत्ता हवाय," ते म्हणाले.

बाईंनी मला खाली ठेवलं.

"आईनं घर बदललं त्याला तीन वर्षं झाली. मी एकदाच गेलोय तिथे. ड्रायव्हर चालवत होता, मी मागे फोनवर होतो. आता सेक्रेटरी रजेवर आहे आणि ड्रायव्हरही." मान खालीच. "आईला कसं विचारू?"

तीन खंडांचा कारभार बघणारा माणूस! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वाईट वाटलं, आणि त्याचाच राग आला.

बाईंनी मला उचललं, आजींच्या नावाची चिठ्ठी कापली, एका लिफाफ्यावर चिकटवली आणि आत अंक घातला. धड, खिडकी नसलेला.

"टपालात टाकणारच होते. तुम्हीच नेऊन द्या."

साहेबांनी पत्ता दोनदा वाचला. "ती रागावली असेल का हो?"

"ते मला कसं कळणार, साहेब? वर्गणीदार रागावले की अंक बंद करतात. आजींनी अजून केलेला नाही."

ते वाकून बाहेर पडले. सर आणि बाई, दोघंही काम करत असल्यासारखं दाखवत राहिले. सरांनी एकच पान तीनदा उलटलं. तासाभरानं फोन वाजला, तो सरांनीच उचलून बाईंच्या हातात दिला.

"टाचणीबाई," आजी म्हणाल्या, "तुमचा टपालवाला बदलला वाटतं. नवा आलाय, सुटाबुटातला. अंक हातात दिला आणि पायपुसण्यावरच उभा राहिलाय. आत ये म्हटलं, तर विचारतो, येऊ का? काय गं, किती वेळ थांबायला सांगितलंयस त्याला?"

"ते आमच्या नियमात नाही, आजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही ठेवाल तेवढा वेळ."

अलीकडे माझी धार बोथट झालीय, मधला स्क्रू सैल पडलाय. पुढच्या वर्षी सगळं संगणकावर जुळवायचं ठरतंय. सर अजून विरोध करतात, पण त्यांचाही स्क्रू सैलच आहे. जाता जाता तुम्हाला एक विनंती. बढती मिळू दे, बक्षीस मिळू दे, आधी घरी फोन करा. तोही स्वतःच्या बोटांनी. मग आमचा अंक घ्यायला कोणी उरणार नाही, सर चिडतील आणि मी खणात जाऊन पडेन. माझी काही हरकत नाही.